तेवीस क्रमांकाचं शुद्धिपत्र

उत्तरदाता क्रमांक सातला साल्गारच्या मासळीबाजारात बर्फ फोडायच्या टोच्यानं मारलं, तेव्हा मी पुण्यात, पाषाणच्या आमच्या कार्यालयात, एका तक्त्याचे रकाने सरळ करत बसले होते. सकाळचे अकरा वाजले होते. फैयाजचा फोन आला.

"मॅडम, सात गेला."

"कुठे गेला?" मी विचारलं. माझं डोकं तक्त्यात होतं.

"मेला वो. मारला. मानेत टोच्या घातला, सगळ्या बाजारासमोर. मी समोरच्या दुकानात साखर घेत हुतो. हलता बी आलं न्हाई मला."

मी हर्षला वाघचौरे, दिगंत परराष्ट्र अभ्यास केंद्रात प्रकल्प व्यवस्थापक. परराष्ट्र धोरणाचा अभ्यास म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर विद्वान, नकाशे आणि गुप्त खलिते येतात. प्रत्यक्षात ते काम म्हणजे कोणाचा मसुदा अडला, परीक्षकांचे शेरे कोणी वाचले, तळटीप चव्वेचाळीस कुठे गेली, असं विचारत फिरणारी एक बाई. विद्वान वेळ पाळत नाहीत आणि वेळ पाळणाऱ्याला कोणी विद्वान म्हणत नाही, एवढं मी एकोणीस वर्षांत शिकले.

फैयाज मुजावर मिरजेचा. मेरुवा नावाच्या बेटांच्या देशात तो आठ वर्षं आमचा क्षेत्र-संशोधक म्हणून राहत होता. त्याचं नाव आम्ही कुठल्याच अहवालावर छापत नव्हतो. आमची एक रीत होती. मुलाखत दिलेल्या माणसांची नावं फक्त फैयाजच्या डोक्यात, माझ्याकडे नुसते क्रमांक. नाव आणि क्रमांक एका कागदावर कधीच आणायचे नाहीत. म्हणून सात मेला तेव्हा तो कोण होता, हेही मला ठाऊक नव्हतं. तक्त्यात पाहिलं. "मासळीचा ठोक व्यापारी, वय ५८, साल्गार बंदर." एवढाच माणूस माझ्याकडे होता.

अहवाल तीन वर्षांपूर्वीचा, २०३८ सालचा. साल्गारचं बंदर एका परक्या आरमाराला नव्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्यानं द्यावं का, यावर स्थानिकांना काय वाटतं, हा विषय. चाळीस मुलाखती. लोक फैयाजशी मोकळेपणानं बोलले आणि बहुतेकांनी नको म्हटलं. अहवाल गाजला. मेरुवाच्या संसदेत त्यातली वाक्यं वाचली गेली आणि भाडेपट्टा बारगळला. पुढे सेनापतींनी संसदच बरखास्त केली, बंदर देऊन टाकलं आणि रस्त्यावर बंदररक्षक नावाची बंदूकधारी फौज आणली. परक्यांशी कोण बोललं, हा त्या फौजेचा पहिला प्रश्न होता. उत्तर शोधायला त्यांच्याकडे यंत्र आलं.

फैयाजनं त्या यंत्राला मागकाढ्या असं नाव ठेवलं होतं. त्याची कल्पना समजायला अवघड नाही. प्रत्येक माणसाची विचार मांडायची एक ठेवण असते. कोणी आधी कारण सांगतो, कोणी आधी माणूस. कोणी मोठ्याकडून लहानाकडे येतो. कोणी स्वतःच्याच बोलण्यावर शंका घेतो आणि मग दुप्पट जोरानं तेच म्हणतो. अशा सहा हजार लकबी मागकाढ्या मोजायचा. शब्द बदलले, भाषा बदलली, तरी ही ठेवण टिकते. आम्ही नावं गाळली होती, गावं बदलली होती, वाक्यं आमच्या शब्दांत लिहिली होती. ठेवण गाळायची असते हे आम्हाला कुठे माहीत होतं?

शिवाय मेरुवाचं सरकार दहा वर्षं लोकांशी फोनवर बोलक्या मदतनीसामार्फत बोलत होतं. शिधा, दाखला, दवाखाना, सगळं त्यातूनच. म्हणजे साल्गारच्या प्रत्येक माणसाची ठेवण सरकारदरबारी जमा होती. अहवालातलं एक विधान घ्यायचं, त्याची ठेवण काढायची आणि सव्वा लाख माणसांत त्याच्या सगळ्यात जवळचा कोण ते शोधायचं. मधे फैयाजच्या भाषांतराची भेसळ होती, पण तीही यंत्रानं काढून टाकली. एकाच चाळणीतून चाळीस जणांचं पीठ चाळलं की चाळणीची भोकं कळतातच.

आठवड्याभरात पंधरा गेला. हा जाळी विणणारा. त्याला बंदरातल्या माल उचलायच्या यारीला उलटा टांगला आणि यारी पाण्यात खालीवर केली. याला ते जाहीर पडताळणी म्हणायचे आणि तिचं चित्रण सगळ्या जगाला दाखवायचे. आधी माणसाला पडद्यासमोर बोलायला लावायचं, जुळणीची पट्टी किती टक्क्यांपर्यंत चढते ते गर्दीला दाखवायचं आणि मग मारायचं. एकतीसला, दीपगृहातल्या कारकुनाला, वल्ह्यांनी मारला. मी ते चित्रण पूर्ण पाहिलं. प्रकल्प माझा होता, मी नाही पाहायचं तर कोणी? तिसऱ्या घावाला त्याचा जबडा सुटला आणि तरीही तो काहीतरी सांगू पाहत होता.

मग फैयाजचा पुन्हा फोन आला. "मॅडम, आता तेवीस नंबर धरलाय म्हणं. इलिमा नावाची सुईण. पण एक सांगा, तेवीस माझ्या यादीत न्हाईच की वो. छापलं तवा वाटलं, मला ताप हुता तवा तुम्ही दुसऱ्या कुणाकडनं घेतली आसंल. मी सुईणीशी बोललोच न्हाई कधी."

मी फोन ठेवला आणि जुना तक्ता उघडला.

तेवीस नंबर नव्हताच. करारात चाळीस मुलाखती लिहिल्या होत्या आणि फैयाजला डेंगी झाला तेव्हा एकोणचाळीस झाल्या होत्या. छपाईला चार दिवस राहिले होते. एका परीक्षकानं शेरा मारला होता की नमुन्यात बायका फार कमी आहेत. मी दार लावून घेतलं आणि तासाभरात एक बाई लिहून काढली. सुईण, वय पन्नासच्या पुढे. चाळीस म्हणजे चाळीस, ही माझ्या धंद्यातली खोड. एकोणचाळीस लिहिलं असतं तर जग बुडणार नव्हतं, पण तक्त्यातली तेवीस क्रमांकाची ती एक रिकामी ओळ मला बघवेना.

आणि त्या बनावट बाईचं वाक्यच अख्ख्या अहवालात सरस निघालं. "ज्यानं आपल्या किनाऱ्याला परक्याचं जहाज बांधू दिलं, त्याच्या पोरांना पोहायलाही परवानगी लागेल." आमच्या संचालकांनी ते सहा भाषणांत वापरलं. साल्गारच्या पोरांनी ते भिंतींवर रंगवलं. सेनापतींना सगळ्यात जास्त राग होता तो याच वाक्याचा.

खरं तर ते माझ्या आईचं बोलणं होतं. आमचं गाव अकोले तालुक्यात. आईचं शेत धरणाच्या पाण्याखाली गेलं. ती कशी बोलायची, आधी माणसाला धरून, मग पोराबाळांवर येऊन, शेवटी टोचून, तसं मी लिहिलं. मागकाढ्यानं सव्वा लाखांत माझ्या आईसारखं बोलणारी बाई शोधली होती. त्या बाईला आता माझ्या वाक्यासाठी मारणार होते. गुरुवारी सकाळी दहाला, मासळीबाजारात.

संचालक निरंजन सबनीस हे निवृत्त राजदूत. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"वाघचौरे बाई, हे तुम्ही मला तीन वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं."

"हो, हवं होतं. आता शुद्धिपत्र काढू या. उत्तरदाता तेवीस काल्पनिक आहे, विधान माझं आहे. आजच्या आज."

"थांबा जरा. तेवीस खोटा म्हणालात की उरलेले एकोणचाळीस खरे ठरतात. आज त्यांना निदान ही शंका आहे की आपण काही गोष्टी पदरच्या घातल्या असतील. ती शंका तुम्ही स्वतःच्या सहीनं काढून घेणार?"

"आणि ती सुईण?"

"मी माझ्या ओळखीनं बोलतोय. वर निरोप गेलाय."

"तुमचा निरोप पोहोचेपर्यंत तिची बोटं तोडतील, साहेब."

सबनीस वाईट माणूस नव्हे, पण चाळीस वर्षं निरोप पाठवलेल्या माणसाला निरोप पाठवला की काम झालं असंच वाटतं. आमच्या क्षेत्रात चूक दाखवून दिली की निष्कर्ष मागे घेतात. दोन ओळींची पट्टी छापायची, अहवालात चिकटवायची, विषय संपला. हेच मी आयुष्यभर केलं होतं आणि यंत्राची चूक सिद्ध केली की बंदररक्षकही आपला निष्कर्ष मागे घेतील, यावर माझा पूर्ण विश्वास होता. हसू नका. मी एकटीच तसली नाही, आमच्या इमारतीत तीन मजले तसल्या माणसांनी भरले होते.

पडताळणी पाहायला या, असं निमंत्रण बंदररक्षकांनी आमच्या केंद्राला आणि अहवालाचा उल्लेख केलेल्या प्रत्येक संस्थेला पाठवलं होतं. आजवर कोणी गेलं नव्हतं. मी उत्तर पाठवलं आणि बुधवारी दुपारी साल्गारला उतरले.

फैयाज धक्क्याजवळच्या खोलीत राहायचा. आठ वर्षांत आम्ही सतरा अहवाल एकत्र केले होते. तो मला "हेडबाई" म्हणून चिडवायचा, मी त्याच्या शुद्धलेखनावर ताशेरे मारायचे. आज त्यानं चहासुद्धा विचारला नाही. मी दारातच उभं राहून सांगितलं की तेवीस मी बनवला.

त्यानं माझ्या कानाखाली वाजवली. माझा चष्मा भिंतीवर आपटला. मग तो खाली बसला आणि स्वतःच्याच हाताकडे बघत राहिला.

"मला ताप हुता तवा मी म्हटलं, एकोणचाळीसच लिहा. म्हटलं का न्हाई?"

"म्हटलं होतंस."

"मग?"

मी चष्मा उचलला. गाल जळत होता आणि मला बरंही वाटलं, तेवढ्यापुरतं का होईना.

"उद्या मी तिथं उभी राहून सांगणार आहे," मी म्हणाले. "माझी ठेवण तपासा म्हणणार. यंत्र मला पकडेल. म्हणजे त्यानं आधी चुकीची बाई पकडली, हे सगळ्यांना दिसेल."

"आणि मग?"

"मग त्यांना थांबावं लागेल."

फैयाज उठून माझ्यासमोर आला. आवाज एकदम खाली आणला. "मॅडम, नीट ऐका. पंधरा नंबर जिवंत हाय. त्यांनी मारला तो दुसराच जाळीवाला. एकतीस बी जिवंत हाय. तो बिचारा कारकून माझ्याशी कधी बोलला बी नव्हता. तिघांतला एक सात तेवढा बरोबर. यंत्र चुकतंय म्हणून माझी माणसं वाचल्यात. त्याची चूक दाखवू नका."

"तू हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"नाव आन् नंबर एकत्र करायचं न्हाई, ही तुमचीच रीत की."

"म्हणजे चुकीची माणसं मरू द्यायची?"

"मी तसं म्हणतोय व्हय?" तो ओरडला. मग पुन्हा हळू आवाजात, "मला कळंना झालंय. पर उद्या गप बसा. पाया पडतो तुमच्या."

इकडे आड तिकडे विहीर. पण त्या विहिरीत बायको कोणाची, पोर कोणाचं, ते मला दिसत नव्हतं. मला दिसत होती ती एक सुईण, माझ्या आईसारखी बोलणारी. अडतीस जणांसाठी गप्प बसायला माणूस राजकारणी असावा लागतो. मी नव्हते, किंवा मला तसं वाटायचं.

गुरुवारी दहाला मासळीबाजार गच्च भरला होता. ओटे धुतलेले होते, तरी पायाखाली चिकचिक. मधे उंच पडदा. त्याच्या बाजूला कप्तान बारो, बंदररक्षकांचा स्थानिक प्रमुख, गुटगुटीत, हसरा. यंत्रापाशी ओरिन नावाचा तिशीतला तंत्रज्ञ. परदेशी पाहुणी म्हणून मला खुर्ची दिली होती आणि कानात दुभाषी, बाजारातल्या कर्ण्यांना जोडलेलं भाषांतराचं यंत्र. मेरुवी भाषेत आदराचं "तुम्ही" नाही, त्यामुळे तो सगळ्यांनाच अरे-तुरे करायचा.

इलिमाला दोघांनी धरून आणली. साठीची असेल. एक डोळा सुजून बंद झालेला. उजव्या हाताची तीन बोटं भलतीकडेच वळलेली होती आणि ती तो हात पोटाशी धरून होती. ज्या हातांनी निम्मं साल्गार जन्माला घातलं, ते हात. गर्दीतल्या कित्येक बायका खाली बघत होत्या.

तिला बोलायला सांगितलं. ती म्हणाली, "काय बोलू? मला घरी जायचंय. आज नांबूच्या सुनेचे दिवस भरलेत." एवढ्यावर पट्टी एक्क्याण्णव टक्क्यांवर गेली. बारोनं टाळी वाजवली. एका रक्षकानं वल्हं उचललं आणि तिच्या गुडघ्याच्या मागे हाणलं. ती खाली कोसळली, पण हात काही तिनं पोटापासून काढला नाही.

मी उभी राहिले. "थांबा. ते वाक्य माझं आहे."

दुभाषीनं ते बाजारभर ऐकवलं. बारो हसला. म्हणाला, आमची पाहुणी फार दयाळू आहे. मी म्हणाले, दया नाही, माझी ठेवण तपास. तुझं यंत्र खरं असेल तर तपास. गर्दीतून कोणीतरी ओरडलं, तपास. मग आणखी दोघं-तिघं. बारोला नाही म्हणता येईना.

मी मराठीत बोलले. आईचं शेत पाण्याखाली गेलं त्याबद्दल. दुसऱ्या वर्षी ती त्याच पाण्यावर गोधड्या धुवायला गेली तेव्हा काठीवाला एक माणूस तिला म्हणाला, पास दाखव. आई त्याला म्हणाली, तुझ्या पायाखाली माझी भुईमुगाची पट्टी आहे, तू पास दाखव. पाच मिनिटं बोलले असेन. फैयाज गर्दीच्या टोकाला उभा होता आणि त्यानं डोळे मिटून घेतले होते.

पट्टी नव्याण्णव पूर्णांक चारवर थांबली.

गर्दीतल्या मागच्यांनी पुढच्यांना आकडा विचारला. मग मी माझी खरी चूक केली. विजय झाल्यासारखं मी सांगितलं की यंत्र कोणाला तरी दाखवणारच. पुण्यात चंद्राच्या सगळ्यात जवळ कोण उभं आहे असं विचारलं तर टेकडीवरचा एखादा सापडेलच, पण म्हणून तो चंद्रावर नसतो. उत्तर मिळालं म्हणजे ते बरोबर असतं असं नाही.

बारोनं हसू आवरतं घेतलं. त्याला गर्दीची भीती वाटली असावी. त्यानं इलिमाच्या पाठीत लाथ घातली आणि म्हणाला, "घेऊन जा हिला. बंदररक्षक निरपराधांना हात लावत नाहीत." लोकांनी तिला उचललं. मला रडू आलं. एकोणीस वर्षांत माझ्या एकाही अहवालानं कोणाचा जीव वाचवला नव्हता.

ओरिन माझ्याजवळ आला. चांगला नम्र होता. "तुझे आभार मानायचे होते," तो म्हणाला. "आमची एक अडचण होती. यंत्र कोणाला ना कोणाला जवळचं ठरवायचंच. 'यांतला कोणीही नाही' हे त्याला म्हणता येत नव्हतं, कारण तसं एकही खात्रीचं उदाहरण आमच्याकडे नव्हतं. आज मिळालं. शिवाय तुझ्या विधानावर तुमच्या भाषांतरकाराची भेसळच नव्हती आणि आम्ही ती उगाच वजा करत होतो. आता चाळणी बरोबर बसली." तो पडद्याकडे वळला. "हे बघ. सातवा बरोबर होता. पंधरावा आणि एकतिसावा चुकले होते. वाईट झालं."

पडद्यावर पट्ट्या नव्यानं चढत होत्या. आधीच्या साठ-सत्तरवर घुटमळणाऱ्या पट्ट्या आता एकतर तळाशी पडत होत्या किंवा सरळ अठ्ठ्याण्णवच्या वर जात होत्या. सहा वर गेल्या, आणि मग सातवी चढायला लागली. पट्ट्यांखाली नावं होती. माझ्याकडचे क्रमांक आणि फैयाजकडची नावं, एकाच पडद्यावर.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं आम्ही मसुदे बिघडल्यावर हसत म्हणायचो. त्या दिवशी मला ते आठवलं.

फैयाजनं पडदा पाहिला होता. तो पळत सुटला होता. मी त्याच्यामागे धावले. माझं वय अठ्ठेचाळीस आणि पायात पुण्याच्या चपला. पहिल्या दोन घरांतली माणसं त्यानं बाहेर काढली आणि मागच्या धक्क्यावर त्यानं आधीच तयार ठेवलेल्या होडीकडे पिटाळली. तिसरं घर बंद होतं, त्यानं दाराला लाथा घातल्या, आतून म्हातारी म्हणाली, तो समुद्रावर गेलाय. चौथं म्हणजे जाळ्यांची वखार. तिथे खरा पंधरा काम करत होता. मी कोपऱ्यावर पोहोचले तेव्हा रक्षकांची गाडी दारातच थांबली होती.

फैयाज दारात आडवा उभा राहिला. दोन्ही हात चौकटीला. तो मेरुवीत काहीतरी आत ओरडला, पळ म्हणाला असणार. पहिल्यानं बंदुकीचा दस्ता त्याच्या तोंडावर मारला. त्याचे हात सुटले नाहीत. दुसऱ्यानं बोटांवर मारला, तेव्हा एक हात सुटला. मग त्यांनी त्याला गोळी घातली, पोटात, अगदी जवळून. तो बसल्यासारखा खाली गेला. त्याला ओलांडून ते आत गेले आणि आतून तीन गोळ्या ऐकू आल्या. पंधरा पळालाच नव्हता, तो जाळ्यांच्या ढिगामागे लपला होता.

मी फैयाजजवळ पोहोचले तोवर रक्षक निघून गेले होते. मला त्यांनी हातही लावला नाही. मी त्यांच्या उपयोगाची पाहुणी होते.

"हेडबाई," तो म्हणाला. रक्तानं शब्द फुगत होते. "होडी... दोनपर्यंतच थांबंल."

मी त्याचं पोट दाबून धरलं. काय काय बोलले आठवत नाही. माफी मागितली असेन. त्यानं ती ऐकली की नाही, आणि ऐकून काय केलं असतं, हे मला कधीच कळणार नाही. तो मेला तेव्हा त्याचं तोंड वखारीकडे होतं, माझ्याकडे नव्हतं.

त्या दुपारी आणखी पाच जणांना मारलं. पडताळणी नाही, पडदा नाही, गर्दी नाही. यंत्रावर आता सगळ्यांचाच विश्वास बसला होता, मग वेळ कशाला घालवायचा? मुख्य धक्क्यावरच ओळीनं गुडघ्यांवर बसवलं. सहावा, समुद्रावर गेलेला तिसऱ्या घरचा माणूस, होडी किनाऱ्याला लावत असताना पकडला, त्याच्या टोपलीतली मासळी अजून तडफडत होती. त्याच टोपलीत तोंड खुपसून त्याला मारला. मी मागच्या धक्क्यावरून पाहिलं. मान वळवायची ताकद नव्हती म्हणून पाहिलं.

होडीत नऊ माणसं बसली होती आणि दोनच जागा उरल्या होत्या, त्यांतली एक इलिमासाठी ठेवली होती. दोन पोरींच्या आधारानं ती आली. तिनं समोर, मुख्य धक्क्यावर पडलेल्या सहांकडे पाहिलं. एकेकाचं नाव घेतलं, हळू, चूक न करता. त्यांतले चार तिच्याच हातांत जन्मले होते. मग तिचा एक उघडा डोळा माझ्याकडे वळला.

"ते वाक्य तुझं?"

"हो."

"चांगलं आहे. मीही नातवंडांना म्हणून दाखवलं होतं." तिनं हात पोटाशी घट्ट धरला. "मला सोडवायला तू इतक्या लांबून आलीस."

"हो."

"तुला कोणी सांगितलं नव्हतं, की असं होईल?"

खोटं बोलायची सोय होती. दुभाषीला काय कळणार? "सांगितलं होतं," मी म्हणाले. "दोघांनी."

"मग मला का नाही विचारलंस? काल दिवसभर मी कोठडीत बसून होते. निरोप पाठवला असतास." तिचा आवाज चढला नाही. "मी म्हटलं असतं, नको. मी म्हातारी आहे. माझं झालंय सगळं. आता ही सहा घरं रोज माझ्या दारावरून जातील आणि मी त्यांच्याकडे कशी बघू, ते सांग."

अडतीस माणसांचं काय होईल, याचा मी विचार केला होता. माझ्या आईचा केला होता. माझ्या पापाचा तर फारच केला होता. त्या बाईला काय हवंय, हा विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता.

होडीवाल्यानं हाक मारली. इलिमानं एका पोरीच्या कानात काही सांगितलं आणि वखारीत मारलेल्या जाळीवाल्याच्या बायकोला हात धरून पुढे केलं. तिच्या कडेवर मूल होतं. आपली जागा तिनं त्या बाईला दिली आणि पाठ फिरवून चालायला लागली. नांबूच्या सुनेकडे निघाली होती. बोटं तुटलेली, तरी पोरींच्या हातांनी करून घेणार होती.

आता होडीत एकच जागा उरली होती, माझ्यासाठी फैयाजनं आदल्या दिवशीच सांगून ठेवलेली. बाजूच्या भिंतीआड एक तरुण माणूस उभा होता, कोण होता ठाऊक नाही, कदाचित कोणता तरी क्रमांक असेल. त्यानं होडीकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. होडीवाला म्हणाला, लवकर.

मी चढले.